24 तासांची ड्युटी: पहाटेचे तीन ते सहा कसे काढायचे

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयात आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), आठवड्याला 24 तासांच्या तीन ड्युट्या, मधल्या वेळात नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा अभ्यास. पहाटे तीननंतर डोकं चालत नाही, चहा-कॉफी वाढवली तर हात थरथरतात, आणि सीनियर म्हणतात, ‘होते सवय.’ खरंच सवय होते का, आणि बाकीचे डॉक्टर निभावतात कसे?

सवय होत नाही. होते ती एवढीच, की आपलं डोकं मंदावलंय हे आपल्याला कळेनासं होतं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात निरोगी लोकांना सलग 14 दिवस रोज सहाच तास झोपू दिलं होतं. त्यांची लक्ष टिकवण्याची चाचणी दिवसागणिक घसरत गेली आणि शेवटी रात्र-रात्र जागवलेल्या माणसांच्या पातळीला आली. पण ‘झोप किती येतेय?’ असं विचारल्यावर पहिल्या काही दिवसांनंतर त्यांचं उत्तर फारसं बदलत नव्हतं. ‘मला आता काही वाटत नाही’ म्हणणारा सीनियर खोटं बोलत नसतो, पण त्याचं वाटणं हा पुरावा नव्हे.

वर्षानुवर्षं रात्री काढणारे चांगले डॉक्टर वेगळ्या मातीचे नसतात. ते पहाटे चारला स्वतःच्या डोक्यावर विसंबत नाहीत, एवढंच. चारला लागणारे निर्णय ते रात्री दहाला, डोकं ताजं असताना घेऊन, लिहून ठेवतात. आणि जे आधी ठरवता येत नाही, ते एकट्याने करायचं नाही असा नियम पाळतात. खाली जे लिहितोय ते सगळं याच दोन गोष्टींभोवती आहे.

तीन ते सहाच का? जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन हे झोप आणणारं रसायन साचत जातं आणि झोपेचा दाब तासागणिक वाढतो. शरीराचं घड्याळ मात्र स्वतःच्या तालावर चालतं. रात्री दहापर्यंत ते तुम्हाला उचलून धरतं, पहाटे चार-पाचच्या सुमाराला शरीराचं तापमान नीचांकाला जातं आणि तो आधार सुटतो. सकाळी नऊला ड्युटीवर आलेल्या माणसाचे तेव्हा 20-22 तास जागेपणाचे झालेले असतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी अंगावर येतात. सकाळी सातला थोडं बरं वाटतं तेही घड्याळामुळेच. थकवा गेलेला नसतो.

काय आधी बिघडतं हे नीट समजून घ्या, कारण ते अपेक्षेच्या उलटं आहे. रोजच्या सवयीचं हातकाम बरंच टिकतं. व्हेन सापडते, टाके नीट पडतात. आधी जातं ते कंटाळवाण्या कामावरचं लक्ष, आकडेमोड, ‘15 मिनिटांनी पुन्हा बघायचं’ ही आठवण, आणि पहिलं निदान चुकतंय हे मान्य करण्याची लवचिकता. पहाटे छातीत दुखण्याला एकदा ‘ॲसिडिटी’ लिहिलं की दुसरा ईसीजी काढायचं सुचत नाही. आवाज चढतो, नातेवाइकांशी वाद होतात. हात अजून छान चालतायत म्हणून स्वतःला सुरक्षित समजणं हीच मोठी फसगत.

म्हणून रात्रीचं सर्वात महत्त्वाचं काम म्हणजे दहा ते साडेअकराची फेरी. ही फेरी ‘सगळे ठीक आहेत ना’ एवढं विचारण्यासाठी नसते. प्रत्येक गंभीर पेशंटपुढे उभं राहून स्वतःला विचारायचं: पहाटे याचा फोन आला तर कशासाठी येईल? त्याचं उत्तर फाईलमध्ये लिहायचं. ताप आला तर काय, किती. उलटी झाली तर काय. शुगरचे कोणते आकडे आले तर किती इन्सुलिन, आणि कोणत्या आकड्याखाली मला उठवायचंच. बीपी, नाडी, ऑक्सिजन, लघवीचं प्रमाण यांच्या सीमारेषा. संपणारी सलाईन, बदलायची कॅन्युला (शिरेतली सुई-नळी), सकाळच्या तपासण्यांचे फॉर्म हे सगळं याच फेरीत उरकायचं.

पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूने वॉर्ड भरतात तेव्हा याचा फायदा लगेच दिसतो. प्लेटलेटचे रिपोर्ट रात्रभर येत राहतात. ‘डॉक्टर, 38 हजार’ असा फोन तीन वाजता येतो, आणि रक्तस्राव नसेल तर त्या आकड्यावर तेव्हा करण्यासारखं काहीच नसतं. दहा वाजताच लिहून ठेवा: नुसत्या आकड्यासाठी उठवू नका, हिरड्या, शौच किंवा लघवीतून रक्त, पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, गुंगी, हिमॅटोक्रिट (रक्ताचा दाटपणा) चढत जाणं, वरच्या-खालच्या बीपीतला फरक 20 किंवा त्याहून कमी, लघवी घटणं, यांतलं एक जरी असेल तरी ताबडतोब उठवा. फोन कमी होतात हा झाला एक लाभ. मोठा लाभ हा की पहाटे आलेल्या फोनला वजन येतं. सिस्टरने उठवलं म्हणजे खरंच उठायला हवं, हे दोघांनाही माहीत असतं.

सिस्टरशी फेरीच्या शेवटी दोन मिनिटं बोला. तातडीची नसलेली कामं एका कागदावर साठवा, मी दीडला आणि साडेचारला येऊन बघेन, असं ठरवून घ्या. आणि तुम्ही नक्की कोणत्या खोलीत आहात हे सिस्टर आणि मामा (वॉर्डबॉय) दोघांनाही सांगून ठेवा. मोबाईल सायलेंट राहिला म्हणून डॉक्टर सापडला नाही, ही सबब चालणारी नाही.

आता घड्याळावर चालणारी कामं. झोपाळू मेंदू वेळ धरून ठेवू शकत नाही, त्यामुळे इथे टायमर लावणं बंधनकारक समजा. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातून फवारणीच्या औषधाने विषबाधा झालेला पेशंट रात्री येतो. औषध ऑर्गेनोफॉस्फरस गटातलं असेल तर त्यावरचा उतारा म्हणून ॲट्रोपिन सुरू होतं: आपल्याकडची अँप्युल 0.6 मिलिग्रॅमची, मोठ्या माणसाला सुरुवातीला तीन ते पाच अँप्युल, दर पाच मिनिटांनी तपासायचं, सुधारणा नसेल तर डोस दुप्पट. छातीतली घरघर जाऊन ती कोरडी होणं, नाडी 80 च्या वर, वरचं बीपी 80 च्या वर ही लक्ष्यं. तिथे पोचल्यावर, लागलेल्या एकूण डोसच्या 10 ते 20 टक्के दर तासाला इन्फ्युजनने. पहाटे यात दोन चुका होतात. एक, ‘पाच मिनिटं’ नकळत वीस होतात आणि छाती भरत जाते. दुसरी उलटी: लक्ष्य गाठल्यावरही हात थांबत नाही, पेशंट बडबडू लागतो, अंग तापतं, पोटाचे आवाज बंद होतात, आणि थकलेला डॉक्टर त्यालाच विषाचा परिणाम समजून आणखी ॲट्रोपिन देतो. उपाय साधा आहे. बेडच्या टोकाला आखलेला कागद लावा: वेळ, डोस, छाती, नाडी, बीपी, डोळ्याची बाहुली, घाम. प्रत्येक ओळ भरल्याशिवाय पुढचं इंजेक्शन नाही. फोनवर पाच मिनिटांचा टायमर, आणि तो ऐकायला सिस्टर सोबत.

सर्पदंशातही तेच. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडून आलेल्या पेशंटची 20 मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी बिनखर्चाची आहे, पण शिस्तीची: नवी, स्वच्छ, कोरडी काचेची नळी, 2 मिली रक्त, 20 मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करून बघायची. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी वापरली तर चांगलं रक्तही गोठत नाही. पहाटे होतं असं, की कोणीतरी बाराव्या मिनिटाला नळी हलवून बघतं आणि त्या निकालावर पुढचा निर्णय होतो. नळीवर लावल्याची वेळ लिहा, अलार्म लावा, आणि नळी स्टँडला ठेवून तिथून बाजूला व्हा.

मण्यार चावलेल्यांबाबत तर जास्तच जपा. ती रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते, दाताची खूण अनेकदा दिसतही नाही, पोटात दुखतं आणि मग पापण्या जड होतात. ‘पेशंट शांत झोपलाय, झोपू दे’ हा पहाटेचा सगळ्यात घातक विचार. दर अर्ध्या तासाला उठवून वर बघायला सांगायचं आणि एका श्वासात आकडे मोजून घ्यायचे. मोजणी 20 वरून 12 वर आली तर व्हेंटिलेटरची तयारी सुरू.

इंजेक्शनांच्या बाबतीत पाच गोष्टी अशा, ज्या मध्यरात्रीनंतर दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचल्याशिवाय द्यायच्या नाहीत: पोटॅशियम, इन्सुलिन, हिपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध), रक्त, आणि लहान मुलाचा कोणताही डोस. पोटॅशियम क्लोराइडच्या 10 मिली अँप्युलमध्ये 20 मिलिइक्विव्हॅलंट असतं. ती सरळ शिरेत कधीच नाही, हातातल्या लाईनमधून ताशी 10 च्या पुढे नाही. इन्सुलिनच्या व्हायल आपल्याकडे मिलीला 40 आणि 100 युनिट अशा दोन्ही ताकदीच्या मिळतात. 100 ची व्हायल आणि लाल टोपणाची 40 ची सिरिंज असा मेळ झाला तर 10 च्या रेघेपर्यंत ओढलेलं औषध प्रत्यक्षात 25 युनिट असतं. हिपॅरिनच्या 5 मिली व्हायलवर मिलीला 1000 असेल तर आख्ख्या व्हायलमध्ये 5000, आणि मिलीला 5000 असेल तर 25,000. ‘5000 द्या’ एवढंच तोंडी सांगितलं की घोटाळा. 10 किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल 150 मिलिग्रॅम: 5 मिलीला 120 च्या सिरपमधून सव्वासहा मिली, 5 मिलीला 250 च्या सिरपमधून तीन. हे हिशेब पहाटे डोक्यात करायचे नाहीत. वजनाप्रमाणे आणि औषधाप्रमाणे तयार तक्ते नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर असावेत. तुमच्याकडे नसतील तर या आठवड्यात दिवसा बसून करा, कन्सल्टंटची सही घ्या, लॅमिनेट करून लावा.

झोपेतून फोन घेणं ही वेगळी विद्या आहे. गाढ झोपेतून उठल्यावर 15 ते 30 मिनिटं मेंदू धुक्यात असतो आणि त्या काळातली कामगिरी कधी कधी न झोपलेल्या माणसापेक्षा वाईट असते. आडवं पडून ऑर्डर द्यायची नाही, हा नियम. उठून बसा, पाय जमिनीला, दिवा लावा, सिस्टरने सांगितलेलं परत म्हणा: बेड, नाव, काय झालं, आकडे. मग बोला. समजा तीन वाजून चाळीस मिनिटांनी फोन आला, ‘बारा नंबरची शुगर 54, घाम सुटलाय.’ 25 टक्के डेक्स्ट्रोजची 100 मिली बाटली लावा, हे सगळ्यांना झोपेतही सुचतं. चूक त्यानंतर होते. पेशंट डोळे उघडतो, डॉक्टर आडवा होतो, आणि तो म्हातारा माणूस ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळीवर आहे, किडनी अधू आहे, शुगर तासाभरात पुन्हा खाली जाणार आहे, हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. म्हणून ऑर्डर एकाच वाक्यात पूर्ण करायची: आता 100 मिली, 15 मिनिटांनी शुगर, मग 10 टक्के डेक्स्ट्रोज चालू, सकाळपर्यंत दर तासाला शुगर, 70 च्या खाली आली तर मला उठवा, गोळी बंद. आणि पेशंट नीट बोलत नसेल तर फोन ठेवून स्वतः जायचं.

डुलकी ही ड्युटीचा भाग आहे, कामचुकारपणा नाही. वैमानिकांवर नासाने केलेल्या अभ्यासात 40 मिनिटांची संधी दिल्यावर ते सरासरी 26 मिनिटं झोपले आणि त्यानंतरची सतर्कता स्पष्टपणे सुधारली. दोन आरएमओ असाल तर रात्र वाटून घ्या, बारा ते तीन एक आणि तीन ते सहा दुसरा, आणि पुढच्या वेळी पाळी बदला. तीन तासांत झोपेची दोन चक्रं होतात, ही खरी झोप. एकटे असाल तर शक्य तितक्या लवकर, म्हणजे फेरी संपल्या संपल्या, 20 मिनिटांचा अलार्म लावून पडा. 20-25 मिनिटं किंवा मग सलग दीड तास. 45-60 मिनिटांवर उठलात तर ऐन गाढ झोपेतून उठाल. ‘सगळं संपवून मग झोपतो’ हे कॅज्युअल्टीत कधी संपत नाही.

ड्युटीआधीची झोप त्याहून मोलाची. 24 तासांच्या ड्युटीच्या आदल्या रात्री आठ तास, यात तडजोड नको. नुसती रात्रपाळी असेल तर दुपारी एक ते साडेतीनच्या दरम्यान दीड तास झोपा, कारण तेव्हा शरीराचं घड्याळही साथ देतं. संध्याकाळी सात ते दहा मात्र घड्याळ सर्वात जागं असतं. ‘जेवून जरा पडतो’ म्हणून तेव्हा नुसतं कुशीवर वळणं होतं.

आता थरथर. छोट्या कप चहात साधारण 20 ते 40 मिलिग्रॅम कॅफिन, झटपट कॉफीच्या कपात 60 ते 80. निरोगी माणसाने दिवसभरात 400 च्या आत राहावं, गरोदरपणात 200. अर्धं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना जवळपास दुप्पट. पहाटे तीनला झोप असह्य झाल्यावर लागोपाठ तीन कप घेतले की ते रिकाम्या पोटी एकदम चढतं, हात कापतात, नाडी पळते, आणि सकाळी दहाला घरी झोपायला जावं तर त्यातलं बरंच अजून अंगात. उलट करा. थोडं-थोडं आणि लवकर: रात्री दहाला अर्धा कप कॉफी, एकला पुन्हा अर्धा, शेवटचा साडेतीन-चारच्या आत. कॉफीचा परिणाम सुरू व्हायला 20-30 मिनिटं लागतात, म्हणून कप संपवून लगेच 20 मिनिटांची डुलकी घेतली तर दोन्ही एकदम कामी येतात. कॅफिनने डोळे उघडे राहतात, निर्णयाची धार परत येत नाही, हे मात्र धरून चाला. मोडॅफिनिल ही जागं ठेवणारी गोळी स्वतःच्या हाताने सुरू करू नका. त्याने गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, क्वचित त्वचेची गंभीर रिॲक्शन येते, आणि वाईट ड्युटी-रोस्टर गोळीने झाकलं जातं. दिवसा झोप लागावी म्हणून अल्प्राझोलमसारखी झोपेची गोळी तर नकोच; गोळ्यांची सवय इथूनही लागू शकते.

जेवण नऊपर्यंत, नेहमीचं. मध्यरात्रीनंतर हलकं: केळं, फुटाणे, ताक-भात. बिर्याणीचं पार्सल एकला आलं तर तीनला पोट आणि डोकं दोन्ही जड. पाणी हाताशी ठेवा. आणि ड्युटी सुटल्यावर सगळ्यांनी मिळून मिसळ खायला जायची नाशिकची रीत सुट्टीच्या दिवशी पाळा. रात्र जागून तर्री पोटात घालून आडवं झालं की छातीत जळजळ आणि झोपेचं खोबरं. त्या सकाळी पोहे, उपमा, दूध पुरे.

सकाळचं हँडओव्हर (पुढच्या डॉक्टरला पेशंट सोपवणं) साडेसहाला लिहायला घ्या, आठला तोंडी आठवत बसू नका. बेड, नाव, रात्री काय झालं, काय अडकलंय, कशावर नजर ठेवायची. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लांबलचक ड्युट्यांच्या जुन्या पद्धतीत इंटर्नांच्या हातून 36 टक्के जास्त गंभीर चुका झाल्या होत्या. पण नंतरच्या मोठ्या चाचण्यांत नुसते तास कापल्याने पेशंटच्या मृत्यूदरात फरक दिसला नाही. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. तास कमी केले की हात बदलतात, आणि हात बदलताना माहिती सांडली तर मिळवलेलं जातं. लेखी हँडओव्हर नसलेल्या रुग्णालयात छोट्या शिफ्टचा फायदा अर्धवटच राहील.

सुईची टोच पहाटे जास्त लागते. लागली तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि पीईपी (एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या गोळ्या) शक्य तर दोन तासांत. 72 तासांनंतर उपयोग नाही, कोर्स 28 दिवसांचा. गोळ्या रुग्णालयात कुठे ठेवल्या आहेत हे दिवसा विचारून ठेवा. आणि सीनियरला फोन कधी करायचा हेही आधीच ठरवा: एकाच पेशंटसाठी दुसऱ्यांदा बोलावणं आलं, तोच ईसीजी तिसऱ्यांदा बघावा लागतोय, किंवा विनाकारण संताप येतोय, तर फोन लावायचाच. सकाळपर्यंत थांबू शकणारी सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेतली नळी) पहाटे टाकायची नाही.

घरी जाणं हा ड्युटीचाच सर्वात धोकादायक भाग. 1997 च्या एका प्रयोगात 17 तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यासारखी, 24 तासांनंतर 0.10 टक्के असल्यासारखी आढळली. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. प्यायलेल्या मित्राला तुम्ही चावी देणार नाही, ती स्वतःलाही देऊ नका. ताशी 60 च्या वेगाला चार सेकंदांची डुलकी म्हणजे डोळे मिटून 67 मीटर. आडगावहून उड्डाणपुलावरून पाथर्डी फाट्याकडे किंवा घोटीहून महामार्गाने शहरात येताना रस्ता सरळ आणि एकसुरी असतो, तिथेच डोळा लागतो. काच उघडणं, गाणी लावणं याचा भरवसा नाही. ड्युटी रूममध्ये अर्धा तास झोपून, पाच-दहा मिनिटं चालून मग निघा, नाहीतर रिक्षा किंवा सिटीलिंकची बस. दुचाकी तर नकोच. उन्हाने झोप उडू नये म्हणून गॉगल लावायचा सल्ला देतात. स्वतः चालवत असाल तर तो लावू नका, त्या वेळी उजेड हवाच.

दिवसाची झोप रात्रीपेक्षा एक ते तीन तास कमीच मिळते, म्हणून तिची तयारी करावी लागते. जाड पडदे, एप्रिल-मेमध्ये कूलर, फोनमध्ये फक्त दोन नंबर वाजतील अशी सोय, दाराची बेल बंद. घरातल्यांना ‘झोपतेय’ किंवा ‘झोपतोय’ एवढं सांगून भागत नाही. किती ते किती, हे सांगा. एकाच रात्रीनंतर दहा ते दीड झोपा, मग उठाच, आणि रात्री दहाला अंथरुणावर. संध्याकाळी पाचपर्यंत झोपलात तर त्या रात्रीची झोप जाते आणि पुढच्या ड्युटीवर अर्धे जाता.

अभ्यासाचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार ड्युटी धरली तर मंगळवार, गुरुवार आणि शनिवार हे ड्युटीनंतरचे दिवस. त्या दिवशी नवा विषय उघडू नका, तो डोक्यात राहत नाही. संध्याकाळी पाच ते सात झालेल्या विषयाचे एमसीक्यू सोडवा, चुकलेले लिहून ठेवा, बस. नवं वाचन रविवारी, आठ तास झोपल्यानंतर. शेवटच्या दोन महिन्यांत ड्युट्या दोनवर आणता आल्या तर आणा, आणि शेवटच्या आठवड्यात एकही रात्र नको. शनिवार-रविवारच्या दोन सलग रात्रींवरच तुमचा सगळा आठवडा उभा आहे. अनेक आरएमओ नेमक्या त्याच रात्री दुसऱ्या रुग्णालयात लोकम (बदली ड्युटी) घेतात. पैशांची गरज खरी असते, पण त्या दोन रात्री विकल्यावर वर सांगितलेल्यातलं काहीही चालणार नाही.

नियमांचं म्हणाल तर केंद्राच्या 1992 च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग 12 तास आणि आठवड्याला 48 तास असं लिहिलेलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमांत ‘वाजवी तास’ आणि साप्ताहिक सुट्टी आहे, तर आयोगाच्या 2024 च्या कार्यगटाने 74 तासांची मर्यादा सुचवली. हे सगळं पीजी निवासी डॉक्टरांसाठी. खासगी आरएमओला आपल्या करारात लिहून घ्यावं लागतं. मागताना ‘त्रास होतो’ म्हणून मागू नका, नेमकं मागा: 24 तासांच्या तीनऐवजी एक 24 आणि 12 च्या चार, तास तेच 72, रात्री ओळीने दोन-तीनच्या वर नाहीत, पाळ्या बदलताना सकाळ, मग दुपार, मग रात्र याच क्रमाने, आतून कडी लागणारी, स्वच्छ स्वच्छतागृह असलेली ड्युटी रूम, स्त्री डॉक्टरांसाठी वेगळी. 2027 च्या सिंहस्थात ऑगस्ट-सप्टेंबरच्या स्नानांना रामकुंड, तपोवन, त्र्यंबकला वैद्यकीय पथकं लागतील, शहरातली रुग्णालयंही भरलेली असतील. तेव्हाची रोस्टर आत्तापासून 12 तासांवर बेतायला हवीत, कारण गर्दीत पहाटेच्या स्नानाची वेळ आणि डॉक्टरच्या मेंदूची सर्वात वाईट वेळ एकच असते.

आणि एक तपासणी करून घ्या. दोन रात्री नीट झोपूनही दिवसा डोळा लागत असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-12 बघा. घोरत असाल तर स्लीप ॲप्नियाची चाचणी. झोपायला मिळूनही झोप लागत नाही, कशातच रस वाटत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो.